एक जुलैला जन्मलेली सव्वीस मुलं

ती घटना आठवली की आजही मला आधी हसू येतं. पोलीस नोकरीतल्या फार थोड्या घटनांबद्दल असं म्हणता येईल.

मी तेव्हा अकोटजवळच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. वऱ्हाडाची ती वर्षं वाईट होती. सकाळच्या हजेरीनंतर पहिलं काम बहुतेकदा अकस्मात मृत्यूच्या कागदांचं असे. त्यामुळे एका मुलीचा पासपोर्ट पडताळणीचा अर्ज टपालात आला, तेव्हा ठाण्यातल्या प्रत्येकानं तो हातात घेऊन पाहिला. मुलगी आमच्या हद्दीतल्या गावची होती आणि अमरावतीच्या वसतिगृहात राहून शिकत होती. भालाफेक करायची. वीस वर्षांखालील मुलामुलींच्या जागतिक मैदानी स्पर्धेसाठी देशाच्या संघात तिची निवड झाली होती. नियम असा होता, की स्पर्धेच्या वर्षाअखेरपर्यंत खेळाडूला वीस पूर्ण झालेली नसावीत.

अर्जामागोमाग अधीक्षक कार्यालयाला आलेलं एक निनावी पत्र आमच्याकडे आलं. मुलीनं वय चोरलं आहे, जन्माचा दाखला बनावट आहे, शाळेचा दाखला पाहा, असा त्यातला मजकूर. वर शेरा होता : सात दिवसांत अहवाल द्यावा.

मी शाळेचा दाखला पाहिला. त्यात जन्म एक जुलैचा होता. म्हणजे स्पर्धेच्या वर्षी तिला वीस पूर्ण होत होती आणि ती स्पर्धेतून बाद. ग्रामपंचायतीच्या दाखल्यात जन्म पुढच्या मे महिन्याच्या अखेरचा होता. म्हणजे ती अकरा महिन्यांनी लहान आणि पात्र. दोन्ही कागद खरे असणं शक्य नव्हतं. पंचायतीचा खोटा निघाला, तर मला मुलीवर आणि तिच्या वडिलांवर गुन्हा दाखल करावा लागणार होता.

पंचायतीचं जन्मनोंदीचं पुस्तक तपासलं. नोंद जुनी होती, पण तिथं फक्त 'स्त्री' आणि वडिलांचं नाव. मुलीचं नाव अलीकडे, नव्या शाईनं घातलेलं. यात नवल नव्हतं. गावचा कोतवाल जन्म नोंदवायचा तेव्हा बारसं झालेलं नसे. त्या घरात मुलगी एकच, म्हणून नोंद तिचीच हे मला पटलं. पण पटणं हा पुरावा नव्हे.

मुलीला आणि तिच्या आईला ठाण्यात बोलावलं. मुलगी चांगली उंच होती, दारातून मान वाकवून आत आली.

"तुझा जन्म केव्हाचा?" मी विचारलं.

"मले कसं मालूम, साहेब? मी हजर होती, पण ध्यान नव्हतं."

आमचे जमादार तोंडावर रुमाल धरून बाहेर गेले. आईनं मुलीच्या पाठीत चापट मारली. "साहेबाशी असं बोलते का वो? साहेब, नवतपा लागला होता. लाइन गेली अन् मी दोन दिवस ओल्या फडक्यानं पोरीले वारा घातला. जुलैत कोणी वारा घालते का?"

नवतपा म्हणजे मे महिन्याच्या अखेरीचे नऊ कडक दिवस. म्हणजे पंचायतीची तारीख जुळत होती.

"मग शाळेत जुलै कसा आला?"

"ते गुरुजीले विचारा. आमाले कोणी विचारलं नाई."

नाव दाखल करणारे गुरुजी निवृत्त होऊन अचलपूरला राहत होते. शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर ताब्यात घेतलं आणि जमादारांना घेऊन जीपनं निघालो. गुरुजींच्या ओसरीवर बसल्यावर मी सरकारी आवाजात सांगितलं, "तुमच्या नोंदींबाबत चौकशी आहे."

गुरुजी ताठ झाले. "छत्तीस वर्षांच्या नोकरीत माझ्या रजिस्टरवर एकही लाल शेरा नाई. जे लेहलं ते बरोबर."

तास गेला. प्रश्न फिरवून विचारले, उत्तर फिरलं नाही. प्रश्न संपले की हातातल्या कागदावरच्या ओळी मोजत बसायची माझी सवय. त्या वर्षी पहिलीत एकतीस नावं दाखल झाली होती. मी तारखा मोजल्या. पुन्हा मोजल्या.

"गुरुजी, एक जुलैला सव्वीस बाळंतपणं झाली. गावात सुइणी किती होत्या?"

"एकच असंल तर बिचारी त्याच दिवशी बेहोश पडली असंल," जमादार म्हणाले.

गुरुजींच्या मिशा हलल्या. त्यांनी मलाच उलट विचारलं, "साहेब, तुमचा वाढदिवस केव्हा असते?"

"एक जुलै," मी सरळ सांगून गेलो.

"माहा बी," जमादार म्हणाले.

मग आम्ही तिघं इतके हसलो, की काय झालं ते पाहायला गुरुजींच्या सौभाग्यवती बाहेर आल्या.

"कागद कोणाजवळ नसे," गुरुजी सांगू लागले. "पोराले उभं कराचं. उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाले लागला, की झालं सहा वर्षांचं. तारीख एक जुलै, मोजाले सोपी."

"आणि ही मुलगी?"

"ते तर भावासंगं शाळा पाहाले आली होती. मी गमतीनं म्हटलं, लाव वो हात. हात कान सोडून गालावर गेला! घेतलं नाव."

"गुरुजी, त्याच हातानं ते भाला फेकून राहिली आता," जमादार म्हणाले. "दुनियेच्या स्पर्धेत निघाली, अन् तुमच्या तारखेनं पासपोर्ट अडला."

गुरुजी हसायचे थांबले. "माह्या शाळेची पोरगी? मग साहेब, हे घंटाभर आधी कावून नाई सांगितलं? आणा कागद!"

त्यांनी जबाब स्वतः सांगून लिहवला, वर जमादारांच्या दोन वेलांट्या सुधारल्या. त्यांनीच रजिस्टरात भावाची ओळ दाखवली. एकाच वर्षी दाखल झाल्यानं शाळेच्या हिशेबानं बहीण-भाऊ एकाच दिवशी जन्मलेले होते. पंचायतीत दोघांमध्ये सतरा महिन्यांचं अंतर होतं. ते जुळे नाहीत हे गावात सगळ्यांना ठाऊक. मी आधी फक्त मुलीची ओळ पाहिली होती, ही माझी चूक. जबाब आणि दोन्ही नोंदींच्या नकला जोडून सहाव्या दिवशी अहवाल पाठवला. पासपोर्ट मिळाला. निनावी पत्र कोणी लिहिलं ते शोधायला मला कोणी सांगितलं नाही, आणि मी शोधलंही नाही.

स्पर्धेनंतर ठरल्या वेळी मुलीनं ठाण्यात फोन केला, कारण गावात फोन नव्हता. आई-वडील आले होते. गुरुजी अचलपूरहून एसटीनं आले होते, इस्त्रीचा सदरा घालून.

मुलगी अंतिम फेरीत पोचून आठवी आली होती.

"आठवीच?" वडील पुटपुटले.

"अहो, साऱ्या दुनियेत आठवी!" गुरुजी ओरडले. "आपल्या तालुक्यात आठवी येऊन दाखवा तुमी!"

आईनं फोन घेतला आणि जेवली का, एवढंच तीनदा विचारलं. जमादारांनी सगळ्या ठाण्याला जिलेबी वाटली. कोठडीतल्या दोन जुगाऱ्यांनाही दिली.

या प्रकरणात गुन्हेगार नव्हताच. तरी गुरुजींच्या ओसरीवर माझा एक तास वाया गेला, कारण मी प्रश्न विचारले, पण ते कोणासाठी विचारतो आहे हे सांगितलं नाही. पुढे जी अकरा वर्षं नोकरी झाली, त्यात कोणाचाही साधा जबाब घेण्याआधी मी सांगत असे, की तुमच्या उत्तरावर अमुक माणसाचं अमुक काम अडलं आहे. काही जण तरीही खोटं बोलले. पण पुष्कळांनी खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाले, "लिहा साहेब."