हर्षालीच्या डब्यातले वाल

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून माझं फारसं काही लपत नसे. आता ती नाही. खरवईच्या या फ्लॅटमध्ये बसून तुम्हालाच सांगतो.

मी मोरिवलीजवळच्या एका प्राथमिक शाळेत शिक्षक होतो. वर्गात कंपन्यांतल्या साहेबांची मुलं असत, तशी गावातलीही. शनिवारी सकाळची शाळा आणि शेवटचा तास माझा, गोष्टीचा. पोरं व्हरांड्यात माझ्याभोवती दाटीवाटीने बसायची. कितीतरी वर्षं. शनिवार माझा आहे, असंच मी धरून चाललो होतो.

मग शुभदाबाई आल्या. माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी गोष्टीच्या तासानंतर पंगत सुरू केली. सगळे डबे एका मोठ्या परातीत रिकामे करायचे आणि ज्याने डबा आणला नसेल त्याला आधी वाढायचं. नियम एकच — शनिवारी डबा शाकाहारी, म्हणजे सगळ्यांना सगळं खाता येईल. साहेबांची मुलं तांदळाची भाकरी मागून घ्यायला लागली. चांगलं चाललं होतं. मला का ते दिसत नव्हतं?

पण गोष्टीत राक्षस मरायला टेकला की पोरांचे डोळे परातीकडे. एकदा एक जण म्हणाला, "सर, आज राक्षसाला लवकर मारा ना, भूक लागलीय." सगळे हसले. बाईही हसल्या. त्या हसण्यात काही वाईट नव्हतं — तरी मी ते घरी घेऊन गेलो आणि आठवडाभर चघळत बसलो.

पुढच्या शनिवारी हर्षाली माझ्याकडे डबा घेऊन आली. गावातली मुलगी, तिसरीतली. परातीत ओतण्याआधी तिने मला वालाचं बिरडं खायला दिलं. मी दोन घास खाल्ले. सुरेख होतं. हे नीट लक्षात ठेवा — मी खाल्लं होतं, त्यात काय होतं ते मला माहीत होतं.

शाळा सुटल्यावर फाटकाशी एका साहेबांची बायको भेटली. पंगतीचं कौतुक करत होती, शुभदाबाईंचं करत होती. थांबतच नव्हती. आणि मी — कसं सुचलं मला? — आवाज खाली करून म्हणालो, "ताई, तुमच्यात चालत नाही म्हणून सांगतो. आज परातीत सुक्या बोंबलाचा तुकडा होता. हर्षालीच्या डब्यातून आला असावा."

एवढंच. पुढचं लोकांनी केलं.

सोमवारी आठ-दहा पालक मुख्याध्यापिकांच्या खोलीत उभे होते. शुभदाबाई शपथेवर सांगत होत्या की असं काही नव्हतं. हर्षालीला बोलावलं. ती घाबरली नव्हती, कारण मी तिथे होतो. माझ्याकडे वळून म्हणाली, "सर, तुम्ही खाल्लंत ना माझ्या डब्यातलं? सांगा ना."

खोलीतले सगळे माझ्याकडे बघत होते. खरं सांगायला किती वेळ लागला असता?

"मला नीट आठवत नाही," मी म्हणालो.

पंगत बंद झाली. शुभदाबाई वर्ष संपताच शाळा सोडून गेल्या. निरोपाचं भाषण मीच केलं, चांगलं केलं. पोरं पुन्हा माझ्या गोष्टीत राक्षस मरेपर्यंत हलायची नाहीत आणि मला — हेही सांगूनच टाकतो — बरं वाटायचं.

पण मला सांगायचं होतं ते याच्याही पुढचं आहे. त्या सोमवारनंतर दोन-तीन दिवसांनी हर्षालीची आई शाळेत आली. शेतावरून तशीच आली होती, पायांना चिखल. मधल्या सुट्टीत मी चहा पीत होतो. ती दारातच उभी राहिली, आत येईना.

"सर, आमच्या घरात त्या दिवशी मासळी नव्हती," ती म्हणाली. "पण तुम्ही पण मासळी नव्हती असं बोलला नाहीत, म्हणजे चुकी आमचीच झाली असंल. पोरगी ऐकत नव्हती, सारखी तुमचंच नाव घेत होती. मारली मी तिला. माफ करा."

मी कप खाली ठेवला नाही.

"असू दे," मी म्हणालो. "यापुढे लक्ष ठेवा."