फ्रिजवरचा फोन

कोरोनाच्या त्या वर्षी माझ्या ऑफिसने फर्मान काढलं, की घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये ते सरकारी ॲप हवंच. कोण कुणाच्या जवळ गेलं, याची नोंद ते ठेवणार होतं. बाबांच्या फोनमध्ये मीच ते टाकून दिलं. बाबा भडकले. "तुझी आई गेल्यापासून मला 'कुठे निघालात' असं विचारणारं कुणी उरलं नव्हतं. आता हे यंत्र विचारणार का?"

मग त्यांनी त्यावर उपाय शोधला. दुपारी त्यांच्या चपला दारात नसायच्या आणि फोन मात्र फ्रिजवर, विणलेल्या रुमालाखाली झोपलेला. ॲपच्या मते बाबा घरीच होते. कुठे जातात ते मला ठाऊक होतं. बाजारात, मशिदीमागच्या गल्लीत त्यांच्या मित्राचं मसाल्याचं दुकान होतं. आखातातून परतल्यावर मित्राने ते टाकलं होतं, आणि वर त्यांचं घर. शटर अर्ध्यावर ओढून दोघं पत्त्यांतलं सात-आठ खेळत. दोघांचाच डाव, ज्याचे हात जास्त झाले, त्याने पुढच्या डावात दुसऱ्याचे पत्ते ओढायचे. वर्षानुवर्षं हे ओढणं कधी संपलं नव्हतं. मी गप्प राहिले, कारण तेवढ्या दोन तासांनी बाबा माणसात यायचे.

आणि एका सकाळी बाबांना ताप चढला.

तपासणी झाली, रिपोर्ट वाईट आला. दारात पांढऱ्या झग्यातली नर्स उभी. "काका, आठ-दहा दिवसांत कुणाला भेटलात?"

"कुणालाच नाही. फोन बघा की."

तिने फोन बघितला. सगळं घरातच. मी मान खाली घातली. तेव्हा त्या गल्लीकडे आधीच लोक वाकड्या नजरेने बघत होते. एक नाव कागदावर गेलं असतं तर गल्लीच्या तोंडाला पत्रे ठोकले असते आणि उरलेलं काम टीव्हीवाल्यांनी केलं असतं. बाबा खोटं बोलत होते ते त्यासाठी.

ॲम्ब्युलन्समध्ये चढताना मात्र ते थांबले. श्वास पुरत नव्हता. "त्याला दमा आहे. त्याला फोन कर. आजच. म्हणावं, तपासून घे."

मी हो म्हटलं.

आमचं दार बाहेरून बंद झालं, त्यावर विलगीकरणाचा कागद चिकटला. मी फोन हातात घेतला. आता हा फोन सगळं बघत असेल असं मला वाटलं. मी तो नंबर लावला की कुठेतरी त्याची नोंद होणार, उद्या त्यांच्या दारात माणसं जाणार, आणि बाबांनी झाकलेलं नाव मीच सांगितल्यासारखं होणार. शिकलेली बाई मी. ॲप असं करतं की नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं, आजही नाही. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, दुसरं काय. मी फोन फ्रिजवर, बाबांच्या फोनशेजारी ठेवला. दुसऱ्या दिवशीही उचलला आणि ठेवला. त्या दोन दिवसांत मला स्वतःची इतकी लाज वाटली की जेवण उतरेना.

तिसऱ्या दिवशी लावला. बाबांच्या मित्राच्या सुनेने उचलला.

"ताई, अब्बांना पहाटे अ‍ॅडमिट केलं. खूप दम लागलाय. डॉक्टर विचारतात, किसको मिले थे? अब्बा एकच म्हणतात, मैं तो घर में ही था. फोन पण घरीच होता त्यांचा, तांदळाच्या डब्यावर." ती जरा थांबली. "तुमचे बाबा बरे आहेत ना?"

"बरे आहेत," मी म्हटलं.

बाबा तीन आठवड्यांनी आले, अर्धे होऊन. त्यांचे मित्र त्याआधीच गेले होते. बाबांना मी ते सांगितलं. शेजारी पत्त्यांचा जोड होता. त्यांनी तो उघडला नाही.

"त्याच्याकडून मला तीन पत्ते ओढायचे राहिले होते," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "तू कळवलं होतंस ना त्याला?"

"हो, बाबा."

"त्याच दिवशी?"

फ्रिजवर दोन्ही फोन तसेच पडले होते.

"त्याच दिवशी," मी म्हटलं.