आग्नेय कोपऱ्यातली भिंत

गिरगावातल्या आमच्या वाडीत वास्तुशास्त्र सगळ्यांनाच तोंडपाठ होतं, म्हणूनच तर घोटाळा झाला. आमचं स्वयंपाकघर शास्त्राप्रमाणे आग्नेय कोपऱ्यात. दक्षिणेला शेजाऱ्यांची मोकळी जागा होती आणि तिच्यापलीकडे त्यांचं घर. त्या जागेत त्यांनी भाड्याने द्यायला चाळ बांधायची काढली. भूमिपूजन शास्त्राप्रमाणे ईशान्य कोपऱ्यात. आता त्यांचा ईशान्य कोपरा म्हणजे नेमका आमच्या स्वयंपाकघराचा पायथा, हे एवढ्या जाणत्या मंडळींत एकाच्याही ध्यानात आलं नाही.

पहिली कुदळ मारायचा मान वाडीतले वडीलधारे म्हणून आमच्या वडिलांना मिळाला. वडील रोज ट्रामने कोटात, म्हणजे फोर्टात जायचे, कोर्टात कारकून होते. त्यामुळे नुसती कुदळ मारून गप्प बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. "पाया चांगला खोल घ्या. उथळ काम मला खपायचं नाही," असं त्यांनी गवंड्याला बजावलं. गवंड्याने मोठ्या माणसाचा शब्द मानला. थोड्याच दिवसांत आमची भिंत वरपासून खालपर्यंत तडकली आणि खड्ड्याकडे कलली.

आईने चूल मागच्या पडवीत नेली. तिला चुलीचं एवढं वाटत नव्हतं. माझी थोरली बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती आणि बाळंतिणीची खोली त्या भिंतीला लागूनच होती. "असल्या भिंतीशेजारी मी पोर निजवायची नाही," एवढंच आई म्हणाली.

वडील ओळखीच्या एका वकिलांकडे गेले. वकील म्हणाले, "तुमच्यासारख्या जुन्या घराला शेजारच्या जमिनीचा आधार मिळण्याचा हक्क असतो. त्यांनी खणून तो काढून घेतला, तेव्हा नुकसान त्यांनीच भरून द्यायला हवं. खणायला लागले तेव्हा तुम्ही हरकत घेतलीत ना?"

वडिलांनी कुदळीची हकीकत सांगितली. वकील आधी हसले, मग सभ्यपणे खोकले. "कुदळ मारली म्हणजे भिंत पाडायला परवानगी दिली, असं काही होत नाही. हक्क तुमचा शाबूत आहे. फक्त हे सगळं पिंजऱ्यात उभं राहून सांगावं लागेल." ज्या कोर्टात रोज ऐटीत जायचं तिथेच हसं व्हायचं! वडिलांनी दाव्याचं नाव टाकलं.

शेजारी बोलायला मोठे गोड. "अहो भाऊ, शेजाऱ्याशेजाऱ्यांत कसला आलाय कायदा? बघू की सवडीने," असं म्हणून पानाचं तबक पुढे सरकवायचे. बहिणीचे दिवस भरत आले तेव्हा त्यांच्या बायकोने आपल्या घरातली एक खोली रिकामी करून दिली. तिथेच बहिणीला मुलगी झाली. शेकशेगडीपासून डिंकाच्या लाडवांपर्यंत त्या माउलीने सगळं हौसेने केलं. आता तर वडिलांचं तोंड पुरतं बंद झालं.

बारसंही त्यांच्याच घरी झालं. पाळण्याभोवती बायका, ओसरीवर पुरुष, मधलं दार उघडं. परक्या पुरुषाशी आई उभ्या जन्मात बोलली नव्हती. लेकी बोले सुने लागे, हा एकच मार्ग तिला ठाऊक. पाळण्याची दोरी ओढता ओढता ती नातीला म्हणाली, पण ओसरीवर स्वच्छ ऐकू जाईल अशा आवाजात, "बाई गं, या घरचे उपकार मी जन्मभर विसरायची नाही. पण उपकार उपकाराच्या जागी आणि भिंत भिंतीच्या जागी. ज्यानं खणलं त्यानं बांधून द्यावी. माहेरी येऊन तुझ्या आईनं शेजारी का निजावं?"

 ओसरीवर वडील छताकडे बघू लागले. शेजाऱ्यांनी तोंडातलं पान गिळलं की काय कोण जाणे, पण दुसऱ्या दिवशी सकाळीच गवंडी आमच्या दारात हजर झाला आणि भिंत उभी राहीपर्यंत हलला नाही.

पुढे वडील ही हकीकत रंगवून सांगत. "मी दावा लावणारच होतो, हिने घाई केली," असं म्हणत, आणि आम्ही सगळे हसत असू. मी मात्र बारशाच्या दिवशी आईला चिकटून बसले होते. तिचा आवाज जराही कापला नाही, पण बोलून होईपर्यंत तिने पाळण्यावरची नजर वर उचलली नाही. घर तिचं, भिंत तिची, बाजूही तिची खरी. तरी ते बोलायला तिला बारा दिवसांच्या पोरीचा आडोसा घ्यावा लागला, याचं मला आजही वाईट वाटतं.