सुपातलं लग्न

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे एका झेंडूवरून भांडण.

सकाळचे दहा वाजले असतील. वैशाखाचं ऊन उंबऱ्यापर्यंत आलं होतं. माझी बायको हिराबाई ओट्यावर सूप घेऊन बसली होती आणि त्यात गावातल्या लोटनच्या पोरीचं लग्न मांडत होती. तिला लिहिता येत नव्हतं. लग्नघरी जाऊन ती माणसं विचारून यायची आणि घरी आल्यावर मला नावं सांगत सुपात एकेका माणसाचं एकेक फूल ठेवायची. गुलाब म्हणजे नवरा-नवरी. मोगऱ्याची कळी म्हणजे गजरा लागणारी बाई. झेंडू म्हणजे हार लागणारा पुरुष. नारिंगी मुलीकडचा, पिवळा मुलाकडचा. जो रुसणारा असेल त्याच्या झेंडूखाली कडुनिंबाचं एक पान. सुपाची उघडी बाजू म्हणजे मांडवाचं दार.

त्या दाराशी, अगदी काठावर, तिनं एक नारिंगी झेंडू ठेवला. खाली पान.

"हाई कोन?" मी विचारलं.

"धुडकू आबा."

धुडकू म्हणजे लोटनचा सख्खा मोठा भाऊ. दोघांची एक विहीर. मोटर चालवायच्या पाळीवरून नऊ वर्षांपूर्वी बोलणं बंद झालं, ते बंदच. धुडकू मळ्यात राहायला गेला. लोटननं हिराबाईला हात जोडून सांगितलं होतं, "अक्का, बठ्ठा गावना हार कर, पन त्यानं नाव काढू नको."

मी तो झेंडू उचलला. तिनं माझ्या हातातून घेतला आणि होता तिथं ठेवला. "राहू द्या ते तठेच. येई तो."

ती चहा ठेवायला आत गेली. मी झेंडू पुन्हा उचलला आणि सदऱ्याच्या खिशात टाकला. ती बाहेर आली, सुपाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"शनवारले मारुतीना हार लेवाले उना तो. माले इचारं, लगीन कोन्ता वारले शे. जाले येनं नही, तो वार कसाले इचारी?"

नुसता लग्नाचा वार विचारला म्हणून धुडकू येणार? "येड लागेल शे तुले," मी म्हटलं.

मी तिला म्हटलेलं हे शेवटचं. दुसरं काहीतरी म्हणायला हवं होतं, पण म्हटलं ते हे.

भडगावात तिला फुलवाली अक्का म्हणायचे. मी केळीच्या बागांत कामाला. शिक्षण चौथी, तीही पूर्ण नाही. घड कापून झाले की आडव्या पडलेल्या खांबाचं सोपट, म्हणजे वरची जाड साल, सोलून मी तिला आणून द्यायचो. ती ते भिजवून, नखानं चिरून त्याचे दोरे काढायची. एक टोक पायाच्या अंगठ्याला गुंडाळायची आणि हार ओवायला बसायची. त्या अंगठ्याला एक खाच पडली होती. दिवसभर फुलांत बसायची, पण स्वतःच्या डोक्यात कधी एक कळी नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "गिऱ्हाईक मंग मना डोकाकडे देखस, फुलेस्कडे देखत नही."

लग्नघरी गेली की तिचे प्रश्न ऐकून लोक चक्रावायचे. दीपनगरच्या कॉलनीतल्या एका साहेबानं तिला कागदावर छापलेली यादी दिली होती. स्टेज, कमान, गाडी, सगळं ओळीनं. हिराबाईनं कागदाची घडी करून माझ्याकडे दिली आणि विचारलं, "आजी कुठं बसणार?" साहेब म्हणाले, पुढच्या सोफ्यावर. "आजींना खोकला कधीपासून आहे?" घरातले एकमेकांकडे बघायला लागले. आजी आतल्या खोलीत होत्या, बाहेर आल्याच नव्हत्या. हिरानं एकदाच खोकला ऐकला होता. त्या लग्नात पुढच्या सोफ्यामागं वासाचा मोगरा आणि निशिगंध लावलाच नाही, नुसता अशोकाचा पाला आणि झेंडू. साहेब थोडे नाराज झाले. आजी मात्र शेवटची पंगत उठेपर्यंत बसून होत्या.

तिला असल्या गोष्टी कशा कळायच्या ते मला पन्नास वर्षांत कळलं नाही. मी विचारत राहायचो. "तुला कसं समजलं?" तर म्हणायची, "तुमी बोलत बसता, मी बसते." हे काय उत्तर झालं? पण ती तेवढंच सांगायची.

एकदा चाळीसगावच्या लग्नाला हार घेऊन मी पुढं गेलो आणि वाटून टाकले. मला वाटलं, हार म्हणजे हार. नवऱ्याच्या काकाच्या गळ्यात पोटापर्यंत हार पडला आणि मामाच्या गळ्यात छातीपर्यंत. मामा उठला तो तडक गाडीत जाऊन बसला. "आमना मान इतलाच का?" नवरी हळद लावून उभी, वाजंत्रीवाले गप्प. तेवढ्यात हिराबाई टोपली घेऊन रिक्षातून उतरली. तिनं माझ्याकडे नुसतं बघितलं. सरळ गाडीच्या खिडकीशी गेली.

"मामा, हार मुद्दाम आखूड करेल शे. इतला भारी शर्ट लिधा तुमीन, झाकी टाकू का मी?"

गाडीतल्या बाया हसायला लागल्या. मामानं शर्टाकडे बघितलं, बटण सारखं केलं आणि उतरला. आम्ही टेम्पोनं भडगावला परत आलो. घरी आल्यावर म्हणाली, "हार गळात पडस नही, मनात पडस." त्यानंतर मी कधी हार वाटले नाहीत. मी सोपट आणायचो आणि टोपली उचलायचो.

आमच्याकडं लग्नात माइकवर नाव पुकारून सत्कार करतात. टॉवेल, टोपी आणि हार. ज्याचं नाव पुकारलं त्याचा हार तयार नसला तर तो माणूस जन्मभर विसरत नाही. म्हणून हिराबाई सूप मांडायची. सूप बघून ती आधी विचार करायची, कोण कोणाशेजारी बसेल, कोण उशिरा येईल, कोण दारातून परत जाईल. तिची भीती तीच होती, दारातून परत जाणाऱ्याची. "जेवीसन रुसना तर चालस," म्हणायची, "दारमाईन फिरना, तो गया."

त्या दिवशी चहा पिऊन ती मोरीशी भांडी घासायला बसली. भांड्याचा आवाज थांबला. मी दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा उठून गेलो. डॉक्टर आले, हृदय म्हणाले. लोक म्हणतात, शांत गेली. मेल्यावर सगळेच शांत असतात.

आमची पोरगी धुळ्याहून दुपारी पोचली. बायांनी हिराबाईला न्हाऊ घातलं, हळदकुंकू लावलं आणि तिच्या टोपलीतल्या मोगऱ्याचा गजरा तिच्याच डोक्यात माळला. पहिल्यांदाच. मला बघवलं नाही. घर झाडायला घेतलं तेव्हा कोणीतरी सूप उचललं. मी ओरडलो, "सुपाला हात लावू नका!" सगळ्यांना वाटलं, म्हातारा बिथरला.

संध्याकाळच्या आत गिरणा नदीच्या काठी अग्नी दिला. सगळा गाव होता. लोटन एका टोकाला उभा, धुडकू दुसऱ्या टोकाला, मध्ये शंभर माणसं. परत येताना लोटन माझ्याजवळ आला. त्याला विचारवत नव्हतं. लग्न चार दिवसांवर, आमच्या घरात सुतक, आमच्या हातचं फूल आता मांडवात चालणार नाही.

"नाना, फुलेसनं मी देखस कोठे तरी," तो म्हणाला. "यादी व्हती का अक्कानी?"

"सुपात शे," मी म्हटलं. "गोविंदाकडे पाठाडस."

गोविंदा म्हणजे स्टँडजवळचा फुलवाला. हिराबाईनंच त्याला ओवायला शिकवलं होतं.

लग्नाला मी गेलो नाही. गोविंदानं नंतर सांगितलं ते असं. पंगती सुरू झाल्यावर धुडकू आला. मांडवात शिरला नाही, पाण्याच्या टाकीजवळ उभा राहिला. गोविंदानं त्याला बघितलं आणि माइकवाल्याच्या कानात नाव सांगितलं. नाव पुकारल्यावर लोटनचा चेहरा पडला, पण टॉवेल-टोपी हातात घेऊन तोच पुढं गेला, कारण हार तयार होता आणि सगळे बघत होते. धुडकूनं मान खाली केली. दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. पण जेवून, हात धुऊन मळ्याकडे जाईपर्यंत धुडकूनं गळ्यातला हार काढला नाही.

हे सगळं चार दिवसांनी. मला सांगायचं आहे ते अग्नी दिल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळचं.

उठलो. ती चहा ठेवते त्या वेळेला उठलो. पोरगी झोपली होती, तिला उठवलं नाही. खुंटीवर कालचा सदरा होता. तो काढताना खिशात हात गेला आणि बोटांना झेंडू लागला. चेपलेला, एका बाजूनं काळा पडलेला. ओट्यावर सूप तसंच होतं. मोगऱ्याच्या कळ्या तपकिरी झाल्या होत्या, गुलाब सुकून एवढेसे झाले होते. काठावरचं कडुनिंबाचं पान मात्र जागेवर होतं, त्याच्यावर काही नव्हतं. मी झेंडू त्या पानावर ठेवला.

सूप दोन्ही हातांनी आडवं धरून मी स्टँडपर्यंत चालत गेलो. वारा यायला लागला तसा अंगानं आडोसा केला. वाटेत दोघांनी विचारलं, नाना कुठं? मी सुपावरून नजर काढली नाही. फूल पडेल याची भीती होती. गोविंदाच्या दुकानात मी शिरलो नाही, सुतक होतं. बाहेरच्या फरशीवर सूप ठेवलं आणि त्याला एकेक फूल सांगितलं. हे आजोबा, ह्या दोन कळ्या आत्या, हा पिवळा रुसणारा जावई. गोविंदा मान हलवत होता, कागदावर लिहीत होता. शेवटी काठावरच्या झेंडूकडे त्याचा हात गेला.

"नाना, हाई तर बाहेर पडी राह्यनं. आत सरकाडू का?"

"राहू दे ते तठेच," मी म्हटलं. "येई तो."