पाण्याच्या दिवशी येणारा ताप

माणसाने सूर्य-चंद्राच्या गतीवरून काळ मोजला आणि त्या मोजणीवर संस्कृती उभारली, असे गंभीर ग्रंथांत लिहिलेले असते. चाकणजवळच्या आमच्या गावात काळ नळावरून मोजतात. एक पाण्याचा दिवस, एक बिनपाण्याचा. धुणे, डोक्यावरून अंघोळ, माहेरचे पाहुणे, सगळे त्या हिशेबाने. पाण्याच्या दिवशी कुणी मरू नये, अशीही एक अपेक्षा असते; ती कुणी बोलून दाखवत नाही इतकेच.

मी एका कंपनीत यंत्रांची ड्रॉइंग तपासते आणि या गावात भाड्याने राहते. खाली घरमालकीणबाई, वर मी, मागच्या पत्र्याच्या खोल्यांत परभणीकडून आलेली कुटुंबे. प्रत्येक दारापुढे निळी पिंपे. ती कारखान्यांतून रिकामी होऊन येतात. पूर्वी त्यांत काय होते हे विचारायचे नसते. झाकणे मात्र येत नाहीत. त्यामुळे प्रत्येक पिंपात पाण्याबरोबर वळवळणाऱ्या अळ्यांचाही साठा असे.

पावसाळा सरता सरता मागच्या खोलीतल्या चार वर्षांच्या मुलीला ताप येऊ लागला. आधी थंडी, गोधड्यांच्या ढिगाखाली तिचे दात वाजत. मग अंगाची भट्टी, मग घाम. दुसऱ्या दिवशी पोर अंगणात लंगडी घालताना दिसे. तिची आई पिंप भरता भरता मला म्हणाली, "ताई, माझ्या ध्यानात आलंय. ताप पाण्याच्या दिवशीच येतो बघा."

खरेच होते. नळ एक दिवसाआड आणि ताप एक दिवसाआड. तापाने सुरुवातच पाण्याच्या दिवशी केली होती. पण आईला त्यात कारण सापडले. ताज्या पाण्याचा गारठा लेकराला बाधतो. ती पाण्याच्या दिवशी मुलीला नळाकडे फिरकू देईना. तरी ताप आलाच, की चौकातल्या डॉक्टरांचे इंजेक्शन. इंजेक्शननंतरचा दिवस अर्थातच चांगला जाई. डॉक्टरांचे नाव वाढत होते आणि मुलीच्या ओठांचा रंग उडत होता.

"हा हिवताप असणार, तो असाच एक दिवसाआड येतो. रक्त तपासून घ्या," मी म्हणाले.

"आधीच एवढंसं रक्त राहिलंय, ते बी काढू?"

घरमालकीणबाई पायरीवरून म्हणाल्या, "बाई, तुमी कागदावरची मशिनं तपासा. लेकराचं आईला कळत न्हाई व्हय?"

त्याच आठवड्यात गावात हिवताप मोहिमेचे उद्घाटन ठरले. कमान उभी राहिली. तिच्यावर 'हिवतापमुक्त गाव' असे आधीच छापून आले होते, म्हणजे तपासणीची फारशी गरज उरली नव्हती. पाहुण्यांसाठी फेटे आले, डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे पिशवीत आले, आणि या सगळ्यांच्या मानासाठी त्या बिनपाण्याच्या दिवशी नळाला पाणीही आले.

पाणी आले आणि ताप आला नाही.

आई धावतच वर आली. "गेला ताई! पाणी येऊन बी आला न्हाई. सुटलं लेकरू!" एवढ्या आनंदात मी तिला कधी पाहिले नव्हते. मी तिला म्हटले, आज गावात तपासायला माणसे आली आहेत, चल. मुलीला कडेवर घेऊन ती आली, पण माझा मान राखायला. टेबलापाशी बसलेल्याने मुलीच्या कपाळाला हात लावला. "ताप कुठंय? ताप असेल त्यांचंच रक्त घ्यायचं सांगितलंय."

"तेच म्हणते मी," आई म्हणाली.

मी काल ताप होता, उद्या येईल, असे सांगत राहिले. तेवढ्यात बँड वाजू लागला. मुलीने गावच्या हौदात सोडलेले मासे पाहिले आणि टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी नळ कोरडा होता. पाणी सोडणाऱ्याने आदल्या दिवशीच सोडल्यामुळे त्या दिवशी सुट्टी घेतली होती. दुपारी थंडी भरली. मग मुलीचे डोळे वर गेले आणि हातपाय ताठ होऊन झटकू लागले. बाप कारखान्यात लाइनवर, त्याचा मोबाइल कंपनीच्या गेटवर जमा. मी गाडी काढली.

चाकणच्या चौकात कंटेनर एकमेकांना भिडून उभे होते. हॉर्न वाजवून काही होत नाही हे ठाऊक असूनही मी तो दाबून धरला. मागच्या सीटवर झटके थांबले होते. मुलगी हाक मारली तरी हलत नव्हती. आई तिच्या तोंडावर वाकून एकच विचारत होती, "आज पाण्याचा दिवस न्हाई. आज कसा आला? ताई, आज कसा आला?"

पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात तरुण डॉक्टरने विचारले, "ताप रोज येतो?"

"न्हाई. पाण्याच्या दिवशी."

डॉक्टरने माझ्याकडे पाहिले. "एक दिवसाआड," मी म्हणाले. डॉक्टरने पुढे काही न विचारता मुलीचे बोट टोचायला घेतले.

हिवतापच निघाला. रक्त चढवावे लागले. बाप गणवेशातच येऊन भिंतीला टेकून उभा राहिला. मुलगी डोळे उघडत नव्हती. आई माझ्याशी नाही, स्वतःशीच म्हणत होती, "मी पाण्यावर ध्यान ठेवलं. लेकरावर न्हाई ठेवलं." चूक तिची होती, पण तर्क बिनचूक होता. आमच्या गावात पाण्यावर लक्ष न ठेवणारी बाई घर कसे चालवणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीने डोळे उघडले आणि मासे कुठे आहेत असे विचारले.

घरी सोडताना नर्सने गोळ्या समजावल्या. ताप गेला तरी थांबवायच्या नाहीत, दोन आठवडे रोज द्यायच्या. "पाण्याच्या दिवशी बी आन् बिनपाण्याच्या दिवशी बी," आईने तिला तिचेच सांगणे नीट करून सांगितले. तिने गोळ्या पूर्ण दिल्या. पिंपांवर जुने लुगडे ताणून बांधले, मुलीला मच्छरदाणीत झोपवू लागली. घरमालकीणबाईंनीही बांधले, मात्र ते धुळीसाठी असे सांगून.

मासे उद्घाटनाच्याच संध्याकाळी मेले होते. पाहुण्यांना हौद स्वच्छ दिसावा म्हणून ग्रामपंचायतीने त्यात ब्लीचिंग पावडर टाकली होती. कमान दिवाळीपर्यंत उभी राहिली. पाणी अजून एक दिवसाआडच येते.