दत्ताने मोजलेला तारा

दत्ता गेल्याचा फोन आला तेव्हा मी लोणावळ्यात एका परिषदेत बसलो होतो. आधी सुटल्यासारखं वाटलं... आता त्याला खरं सांगावं लागणार नव्हतं. हे लिहितानाही मान वर होत नाही.

इंदुरीच्या शाळेत आम्ही एका बाकावर होतो. मी ताऱ्यांच्या अभ्यासाकडे गेलो, तो कारखान्यात सुट्या भागांची मापं तपासायला. तो निवृत्त झाला तेव्हा मला माझ्या कॉम्प्युटरची मापं हाताने पडताळून हवी होती. आकाशगंगेच्या मध्याजवळच्या आणि कडेच्या ताऱ्यांत लिथियम किती, ते काळाबरोबर कसं बदलत गेलं, हा माझा विषय. ताऱ्याच्या प्रकाशाच्या आलेखात लिथियमच्या जागी खळगा पडतो. खळगा मोठा, तर लिथियम जास्त. छापील आलेखावरचे हे खळगे दत्ता कारखान्यातल्या व्हर्नियरने, म्हणजे सरकत्या जबड्यांच्या मोजपट्टीने मोजायचा, तीन वेगळ्या दिवशी, सकाळी अंघोळ करून. "दमल्या हाताचं माप खरं न्हाई," म्हणायचा.

एका म्हाताऱ्या, फुगलेल्या ताऱ्यात त्याला भरमसाट लिथियम सापडलं. असे तारे आपलं बहुतेक लिथियम पोटातच जाळून बसलेले असतात. मी हसलो, "ही नोंदीतली खोट आहे," म्हणालो आणि त्याच्या वहीतल्या ओळीवर रेघ मारली.

"म्या तीनदा मोजलंय. तुला पटंना म्हून खोडायचं व्हय?"

शोधनिबंध त्या ताऱ्याविनाच छापून आला. आलेख कसा देखणा दिसत होता!

दोन वर्षांनी परदेशातल्या एका गटाने तोच तारा पुन्हा तपासला. लिथियम होतंच. ते वाचून मी लॅपटॉप मिटला. पुढच्या महिन्यात दत्ताकडे गेलो, तेव्हा त्याने अंथरूण धरलं होतं.

"त्या ताऱ्याचं काय कळलं का रं?"

"नाही अजून..."

त्याने वहिनींना चहा टाकायला सांगितलं. तो चहा मी निर्लज्जासारखा प्यायलो.

तेराव्यानंतर मंदावहिनींनी व्हर्नियरची कापडी पिशवी हातात ठेवली. "भाऊजी, ह्याचा स्क्रू सैल करू नका. तुमास्नी दाखवायचंय म्हनत हुते. पर तुमी आलात तवा ह्यांनी ती काढलीच न्हाई."

घरी येऊन त्या ताऱ्याचा जुना आलेख काढला, स्क्रू न हलवता व्हर्नियरचे जबडे लिथियमच्या खळग्यावर टेकवले. नेमके बसले.

व्हर्नियर टेबलावर आहे, स्क्रू तसाच आवळलेला. मी रोज सकाळी अंघोळ करून त्या परदेशी गटाला पत्र लिहायला बसतो. पहिली ओळ जमते: हा तारा आधी दत्ताने मोजला होता. दुसरी जमत नाही, म्हणून ती आज इथे लिहितो. तो मी खोडला.