हँगरचं दार आणि डोनटचा डबा

बुद्धभूषण गजभिये मूळचा नागपूरचा, गोडाचा पक्का शौकीन. पण डोनट मात्र तो कधी तोंडात घालायचा नाही. त्यात डोनटचा काही दोष नव्हता.

कॅनडात एडमंटनबाहेरच्या एका लहान विमानतळावर तो टेक्निशियन होता. रनवेच्या टोकाला अँटेनांची रांग होती. ढगात किंवा बर्फात पायलटला काही दिसेनासं झालं, की रनवेचा मध्य कुठे आहे ते तिचा सिग्नल सांगायचा. ती रांग चोख ठेवणं हे बुद्धभूषणचं काम. ती चोख होतीही, पण २०१४ मध्ये शेजारी मालवाहू विमानं ठेवायचं हँगर उभं राहिलं. त्याचं दार तीन मजली, पत्र्याचं, दोन्ही बाजूंना दुमडत जाणारं. ते उघडलं की त्याच्या घड्या बाहेर यायच्या, त्यांवर सिग्नल आपटून रनवेकडे उलटायचा आणि विमानातला, मध्य दाखवणारा काटा डावीकडे झुकायचा. दार तर दिवसभर उघडंच असायचं.

यावर इलाज होता. जास्त अँटेनांची रुंद रांग लावायची, म्हणजे सिग्नल सरळ पुढे जातो, बाजूला फार सांडत नाही. बुद्धभूषणने तसं दोनदा लिहून दिलं. मॅनेजर ग्लेन दोन्ही वेळा हसून म्हणाला, "नेक्स्ट इयर, बडी."

वर्षातून एकदा तपासणीचं विमान यायचं आणि सिग्नल मोजून जायचं. त्या सकाळी ग्लेन हँगरवाल्यांना डोनटचा डबा पाठवायचा, दोन तास दार बंद ठेवण्याबद्दल. डबा पोचवणारा कोण, तर बुद्धभूषण. शिवाय 'तपासणीच्या वेळी परिसर नेहमीसारखा होता' या ओळीखाली सही कोणाची, तर तीही त्याचीच. दोन वर्षं त्याने ती निमूटपणे केली. रविवारी कम्युनिटी हॉलमध्ये बुद्धवंदनेला तोच पुढे बसायचा, पंचशील म्हणायचा, आणि 'मुसावादा वेरमणी' या चौथ्या ओळीला त्याची जीभ अडखळायची. खोटं बोलणार नाही म्हणे! स्वतःचीच शिसारी यायची त्याला.

नोव्हेंबरात धुक्यात एका पायलटचा काटा ऐनवेळी डावीकडे गेला. त्याने विमान पुन्हा वर घेतलं म्हणून सदतीस माणसं वाचली. ग्लेनने शेरा मारला, 'पायलटचा गोंधळ.' निलाजरेपणाची हद्द झाली.

तपासणीच्या आदल्या दिवशी बुद्धभूषणने घरी सगळं सांगितलं, तपासणी खात्याला पत्र लिहिणार असल्याचंही. बायको, जयंती, पोळी लाटता लाटता थांबली.

"लायसन्स गेलं तर दुसरीकडे अप्लाय तरी करता येईल का हो?"

"नाही."

"मग नीट लिहा. अर्धंमुर्धं नको," ती म्हणाली आणि पुन्हा लाटू लागली.

सकाळी ग्लेनने डबा हातात दिला. "द युज्वल, बीबी." बुद्धभूषण म्हणणं जमत नसल्याने तो त्याला बीबीच म्हणायचा. बुद्धभूषण बर्फ तुडवत हँगरवर गेला. तिथला फोरमन गुरमेल, त्याचा हात दाराच्या बटणाकडे गेलाच होता.

"आ गए, भाईसाब? बंद कर दूँ?"

"नहीं. रोज जैसा रहता है, वैसा ही रहने दो."

तासाभराने तपासणीच्या विमानातून निरोप आला. काटा मर्यादेबाहेर जात होता. सिग्नल सुधारेपर्यंत धुक्यात उतरणं बंद.

ग्लेन लालबुंद झाला. "दोन वर्षं तूच साइन केलंस ना?"

बुद्धभूषणने न उघडलेला डबा त्याच्या टेबलावर ठेवला आणि त्यावर एक कागद. सकाळीच तपासणी खात्याला पाठवलेल्या पत्राची ती प्रत होती. डबा, दार, दोन्ही खोट्या सह्या, सगळं त्यात होतं.

"धिस विल कॉस्ट यू युअर लायसन्स."

"आय नो."

लायसन्स गेलंच. पुढच्या हिवाळ्याआधी रुंद रांग लागली, ती दुसऱ्याच टेक्निशियनच्या हातून.

तपासणीनंतरच्याच रविवारी हॉलमध्ये लोकांनी त्याला नेहमीप्रमाणे पुढे बोलावलं. तो गेला नाही. मागच्या खुर्चीत बसून त्याने चौथी ओळ सगळ्यांच्या आवाजात आवाज मिसळून, न अडखळता म्हटली.